झरमॅटमध्ये तीन दिवस : आई आणि मुलाला घेऊन नेमके काय पाहावे?

प्रश्न

ऑगस्टच्या अखेरीस आम्ही दोघे, सत्तर वर्षांची आई आणि आठ वर्षांचा मुलगा असे चौघे स्वित्झर्लंडमधील झरमॅटला तीन दिवस मुक्काम करणार आहोत. आई सपाटीवर तासभर सहज चालते, परंतु उतार लागला की तिचे गुडघे दुखू लागतात. गॉर्नरग्राट या डोंगरकड्यावर जाणारी रेल्वे आणि क्लाइन मॅटरहॉर्न या शिखरावर जाणारी केबल कार या दोन्हींची तिकिटे आत्ताच काढून ठेवावीत, की एकावर भागेल? नुसते डोंगर दाखवत फिरलो तर मुलगा दुसऱ्याच दिवशी कंटाळेल, ही धास्ती वेगळीच.

प्रतिसाद १

तिकिटे आत्ता काढू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मॅटरहॉर्न (४,४७८ मीटर) हा आजूबाजूच्या शिखरांपासून सुटा उभा असल्यामुळे वाऱ्याच्या आडच्या बाजूला त्याच्या माथ्यावर ढग धरतो, आणि सकाळी लख्ख दिसणारे शिखर दुपारपर्यंत नाहीसे झालेले असू शकते. आम्ही तिकिटे आधी काढली आणि वर जाऊन मनसोक्त धुके पाहिले! सकाळी उठल्यावर वरच्या स्थानकांवरील कॅमेऱ्यांचे थेट चित्रण पाहावे आणि मगच ठरवावे.

दोहोंपैकी एकच निवडायचे असेल तर गॉर्नरग्राट निवडा. ही दात्यांच्या रुळांवरून चालणारी रेल्वे १८९८ साली सुरू झाली, तीही पहिल्या दिवसापासून विजेवर, आणि ती साधारण ३३ मिनिटांत ३,०८९ मीटरवर नेते. वर जाताना उजव्या हाताच्या खिडक्या धराव्यात, कारण मॅटरहॉर्न त्या बाजूला दिसतो. शेवटच्या स्थानकाजवळच्या सज्जातून मॉन्टे रोझा पर्वत आणि गॉर्नर हिमनदी आईंना बसल्या जागी पाहता येईल. परतताना रोटनबोडेनला उतरून रिफेलझे तळ्यापर्यंत जाता येते. वाट दहाच मिनिटांची असली तरी ती खडकाळ आणि उताराची आहे, त्यामुळे तिथे तुम्ही बापलेकांनीच जावे. वारा सुटण्यापूर्वी गेलात तर पाण्यात शिखर उलटे उभे दिसते.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे, फक्त केबल कारविषयी थोडी भर घालतो. क्लाइन मॅटरहॉर्न हे मॅटरहॉर्नहून वेगळे शिखर असून तिथले स्थानक ३,८८३ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६२ टक्केच असतो, आणि १,६०० मीटरवरच्या गावातून माणूस तासाभराच्या आत तिथे पोहोचतो. शरीराला सवय व्हायला अवधीच मिळत नाही. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असल्यास आईंनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये, आणि गेल्याच तर पहिल्या दिवशी तरी नको.

मुलासाठी गावाच्या वरचे सुनेगा हे ठिकाण उत्तम. बोगद्यातून चढणारी रेल्वे काही मिनिटांत वर नेते आणि तिथून जवळच लाइझे हे उथळ, पोहण्याजोगे तळे आहे. दोर ओढत पुढे न्यायचा तराफा तिथे आहे, आणि एकदा मुलाच्या हाती दोर आला की परत निघायचे नाव तो काढणार नाही. पाच तळ्यांची प्रसिद्ध पायवाट सुनेगाच्या वरच्या ब्लाउहेर्ड स्थानकाहून सुरू होते, पण ती नऊ किलोमीटरच्या आसपास असून बरीचशी उताराची आहे, म्हणून आई बरोबर असताना तिचा विचार सोडावा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तिकिटे आता तिथे गेल्यावरच काढू आणि पहिला दिवस सुनेगाला देऊ. दिवसभर पाऊसच लागला, तर काय करावे?

प्रतिसाद १

चर्चजवळचे मॅटरहॉर्न संग्रहालय पाहा. १४ जुलै १८६५ रोजी इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे सहा सोबती प्रथमच मॅटरहॉर्नच्या शिखरावर पोहोचले, परंतु उतरताना दोर तुटून चौघे कोसळले. तो तुटलेला दोर तिथे काचेआड ठेवला आहे. बरोबर नेलेल्या दोरांपैकी तोच सर्वांत जुना आणि कमजोर होता, असे स्वतः व्हिंपरनेच लिहून ठेवले आहे. मुलाला ही हकिकत दोरासमोर उभे राहूनच सांगा, आधी नको.