पिकअप चोरीला गेली तर जीपीएसवरून पोलीस नेमकं काय करतात?

उदगीरकर_ट्रान्सपोर्ट
पिकअपला ट्रॅकर बसवलाय. गाडी चोरीला गेली तर पोलिसांना मोबाईलवरचं लोकेशन दाखवून भागतं का, का ते स्वतः काढतात? इथून बिदर जवळ, गाडी लगेच कर्नाटकात जाते. आणि संशयिताच्या गाडीला पोलीस गुपचूप ट्रॅकर लावू शकतात का?

वायरिंग_जालना
भाऊ, उपग्रहाला गाडी दिसत नसते. ट्रॅकर किमान ४ उपग्रहांचे सिग्नल पकडून आपली जागा काढतो आणि आतल्या सिमवरून कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो. पोलिसांनाही लोकेशन तिथूनच मिळतं, तुमच्या लॉगिनवरून नाहीतर कंपनीकडून.

उघड्या रानात चूक ५-१० मीटरची. जिनिंगच्या पत्र्याच्या शेडात गाडी घातली की ठिपका भरकटतो, नाहीतर आहे तिथंच थांबतो. म्हणून ठिपक्याआधी 'शेवटचं अपडेट' कितीचं आहे ते बघायचं. दोन तासांपूर्वीच्या जागेवर पथक पाठवून उपयोग नाही. घाटात रेंज गेली तर चांगला ट्रॅकर नोंदी साठवतो आणि रेंज आली की एकदम पाठवतो, तेवढा धीर धरा.

चोर आधी बॅटरीची वायर उपटतो. त्यामुळे आतली बॅटरी असलेलाच ट्रॅकर घ्या आणि 'वीज तुटली' हा अलर्ट चालू ठेवा. बसवताना लाल वायर फ्यूज लावून थेट १२ व्होल्टला, काळी बॉडीला, इग्निशनची वायर वेगळी. जागा डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली, अँटेना आभाळाकडे, वर पत्रा नको. इंजिन बंद करायचा रिले असेल तर धावत्या गाडीत कधीच दाबू नका. ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंगचा जोर जातो, समोरच्या माणसाचा जीव जाईल.

कोर्टकचेरी_परभणी
आधी ११२. हद्दीवरून अडवलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायची फिर्याद, मागा; नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तरतूद आहे. आरसी, चेसिस नंबर, ट्रॅकरचा १५ अंकी आयएमईआय (यंत्राचा ओळख क्रमांक) आणि आतल्या सिमचा नंबर आजच वहीत लिहून ठेवा. हे सिम बहुतेकदा १३ अंकी असतं, लोक तिथंच गोंधळतात. फास्टॅगचा टोल कटल्याचा मेसेजही द्या, ठिपक्याशी वेळ ताडून बघता येते.

तपास अधिकारी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कंपनीकडून नोंदी मागवतात. लाइव्ह ठिपक्यामागे स्वतः जाऊ नका, लॉगिन पोलिसांना द्या.

गुपचूप ट्रॅकर लावण्याबद्दल आपल्याकडे वेगळा कायदा नाही. अमेरिकेत २०१२ च्या जोन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं असा ट्रॅकर लावणं ही 'झडती'च ठरवली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये, आरोपीनं गूगल मॅपवर लोकेशन पोलिसांना सतत दाखवावं ही जामिनाची अट रद्द केली, कारण खाजगीपणा. मला ते योग्यच वाटतं.

उदगीरकर_ट्रान्सपोर्ट
स्क्रीनशॉट कोर्टात चालतो का?

कोर्टकचेरी_परभणी
नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. सर्व्हरची मूळ नोंद आणि सोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. नोंदीतली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आहे का तेही विचारा. असेल तर ५ तास ३० मिनिटं मिळवायची. ते राहिलं तर रात्री २ ची चोरी आदल्या दिवशी रात्री साडेआठची दिसते, आणि बचावाचा वकील तिथंच बोट ठेवतो.