नोकरी नसताना पुण्याले जावं का? जवळ 32 हजार आहेत

दारव्ह्याचा बीकॉम
नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, वय 23, अमरावती विद्यापीठातून बीकॉम, यवतमाळले टॅली अन् जीएसटीचा कोर्स केला. दीड वर्षापासून एका कृषी केंद्रात बिलं अन् उधारीचा हिशेब पाहतो, महिन्याचे 7 हजार भेटतात, पेरणीच्या टायमाले रात्रीचे नऊ वाजतात. घरी चार एकर कोरडवाहू, कपाशी-सोयाबीन. बहीण बारावीले.

मोबाईलवरून लय अर्ज केले. पुण्याहून फोन येतो, सगळं नीट बोलतात अन् शेवटी विचारतात सध्या कुठं राहता, उद्या इंटरव्ह्यूला येता का. दारव्हा म्हटलं की "कळवतो" म्हणतात अन् मंग काहीच नाही. पाच-सहा वेळा असंच झालं. म्हणून वाटते तिथं जाऊनच शोधावी. 32 हजार आहेत, त्यातले 10 आईनं भिशीचे दिले, ते वाया गेले तर मले लय लागेल. बाबा म्हणतात नोकरी हातात नसताना जाऊ नको, जायचंच तर नागपूरले जा. एवढ्यात किती दिवस निघतील? कोणी असं गेलं असेल तर खरं सांगा.

भोसरीतला दिग्रसकर
भाऊ, मी 2019 मध्ये असाच आलो होतो, आयटीआय फिटर, खिशात 18 हजार. तुले एकच गोष्ट सांगतो जी मले कोणी सांगितली नव्हती. भाड्यानं माणूस मरत नाही, पगाराच्या तारखेनं मरते. मी 12 तारखेला जॉइन झालो, पगार पुढच्या महिन्याच्या 10 ला, तोही अठरा-एकोणीस दिवसांचा अन् त्यातून पीएफ कापून. पूरा पगार हातात आला तोपर्यंत जवळजवळ दोन महिने झाले होते. नोकरी लागली म्हणून घरी पेढे वाटले अन् मी इथं एक टाइम जेवत होतो, हे आईले आजपर्यंत सांगितलं नाही.

आता तुझा हिशेब. कॉट बेसिसवर (म्हणजे वाटणीच्या रूममध्ये एक खाट) 4-5 हजार धर, तेवढंच डिपॉझिट, मेस 3 ते साडेतीन आगाऊ, गादी-बादली, बसचा पास, झेरॉक्स, इकडं-तिकडं. पहिला महिना 15 हजार, दुसरा 10. झाले 25. उरले 7, ते परतीचे अन् दुखण्या-खुपण्याचे, त्याले हात लावायचा नाही. म्हणजे पैसे दोन महिन्यांचे असले तरी नोकरी शोधायला तुझ्याजवळ एकच महिना आहे, कारण दुसरा महिना पगाराची वाट पाहण्यात जाते.

मित्राच्या रूमवर राहायचं असेल तर पहिल्या दिवसापासून हिस्सा दे. आठ दिवस कोणी काही म्हणत नाही, पंधरा दिवसांनी घरमालक विचारते अन् मैत्री खराब होते.

पुसदची लेक
मी अकाउंट्समध्येच आहे, पुण्यात सात वर्षं झाली. भाऊ, फोनवर पत्ता खोटा सांगू नको, तारीख सांग. "मी 6 जुलै ते 5 ऑगस्ट पुण्यात आहे, कोणत्याही दिवशी येतो" असं म्हटलं की समोरचा माणूस तुला पुण्यातलाच धरतो. आणि निघायच्या आठ-दहा दिवस आधीपासून फोन लावायला लाग म्हणजे पहिल्या आठवड्यात दोन-तीन इंटरव्ह्यू तरी ठरलेले असतील, नाहीतर ते दिवस नुसते रस्ते शोधण्यात जातात आणि मेसचं मीटर चालूच असतं.

वेळ जुलैची चांगली. टॅक्स ऑडिटची (सीएकडून होणारी धंद्याच्या हिशेबाची तपासणी) तारीख 30 सप्टेंबर, त्याआधी सीएच्या ऑफिसात हात कमी पडतात. पगार कमी देतात पण काम भरपूर शिकवतात. इंटरव्ह्यूत तिथेच बसवून बँक रिकन्सिलिएशन (बँकेचं स्टेटमेंट आपल्या हिशेबाशी जुळवणं) करायला लावतात, एक्सेलमध्ये व्हीलुकअप, पिव्होट, खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या 2बी यादीशी जुळवणं, आणि महिन्याच्या तारखा विचारतात: टीडीएस (कापलेला कर) भरायची 7, विक्रीच्या जीएसटीआर-1 रिटर्नची 11, जीएसटी भरायच्या 3बी रिटर्नची 20. हे झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे.

आणि कृषी केंद्राचं काम लहान समजू नको, मला त्याचंच वाईट वाटलं तुझं वाचून. बियाण्याला जीएसटी नाही, खताला 5 टक्के, रासायनिक कीटकनाशकाला 18, एकाच बिलात तिन्ही, वर बॅच नंबर, एक्स्पायरी, खताचं पॉस मशीन आणि शेकडो खातेदारांची उधारी. हे दीड वर्ष सांभाळणारा पोरगा म्हणजे अकाउंटंटच आहे. बायोडाटात एकेक ओळ लिही, नुसतं "बिलिंग" लिहू नको.

रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, युनिफॉर्म, कशाच्याही नावाखाली कोणी पैसे मागितले तर उठून ये. माझे 4 हजार असेच गेले, त्या ऑफिसला पुढच्या महिन्यात कुलूप होतं. ओरिजिनल मार्कशीट दाखव, जमा करू नको.

नेरचे काका
बाळा, तुझ्या बाबाचंही चुकत नाही. माझा पोरगा आधी नागपूरजवळ बुटीबोरीत लागला, पगार कमी होता पण शनिवारी रात्री घरी यायचा, सोंगणीच्या वक्ताले हाताशी होता. हिंगणा, मिहान आहे, तिथं विचारून तर पाहा. पुण्याहून बाप आजारी आहे म्हणून फोन आला तर यायलाच एक रात्र जाते, तिकिटाचे पैसे वेगळे. अन् मायचे 10 हजार तिच्याजवळच राहू दे. गरज पडली तर ती पाठवेलच, पण तुझ्या खिशात असले की ते मोडतात.

भोसरीतला दिग्रसकर
काका बरोबर आहे तुमचं, पण अकाउंट्सवाल्याले नागपुरात सुरुवातीला काय देतात ते मी माझ्या चुलतभावाचं पाहिलं. त्यात रूम अन् मेस भागली की घरी पाठवायला काही उरत नाही. बहिणीचं शिक्षण पुढं आहे त्याच्या.

दारव्ह्याचा बीकॉम
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बाबाले हा हिशेब वाचून दाखवला, ते लय वेळ काही बोलले नाही, मंग म्हणाले पेरणी आटोपून जा. काकांचं ऐकून आईचे पैसे परत दिले, म्हणजे माझ्याजवळ 22 च उरले, त्यात दुसरा महिना पूरा निघत नाही. म्हणून नागपूरलेही चार ठिकाणी फोन लावून रायलो, पुण्याच्या आधी तिकडून काही आलं तर तिकडं जाईन. ताई, बायोडाटा नवीन लिहिला, खत-बियाण्याचं सगळं टाकलं. दिग्रसकर भाऊ, भोसरीत कॉट बेसिस कुठं पाहू?

भोसरीतला दिग्रसकर
दिघी रोड, आळंदी रोड. रूम डोळ्यानं पाहिल्याशिवाय कोणाले ऑनलाइन टोकन भरू नको. बुधवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं नीघ. इथं एमआयडीसीत आमची सुट्टी गुरुवारची असते, मी दिवसभर मोकळा आहे, तुले घ्यायला येतो अन् दोघं मिळून रूमा पाहू. नंबर मेसेजमध्ये टाकतो.