सीपीएल एकच घ्या, पण मोठ्या मापाचा
फिल्टरचं माप ५५ आणि ६७ मिमी असलेल्या दोन लेन्सना दोन वेगळे सीपीएल (चमक कापणारे, फिरवता येणारे पोलरायझर फिल्टर) घ्यायचे का, असं विचारलंत. नको. ६७चाच एक चांगला घ्या आणि ५५ला स्टेप-अप रिंग (छोट्या लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावा. त्या लेन्सचं हूड (कडेचा उजेड अडवणारी पुढची कड) मग बसत नाही, तेवढी कटकट सोसायची.

मी आधी स्वस्तातला घेतला होता. पावसाळ्यात गोकाकला नेला, तर फिरणारी कडीच अडकून बसली! खरं तर सीपीएलची किंमत तिथेच कळते. घटप्रभेच्या काठच्या ओल्या खडकांवरची चमक जाते आणि दगडाचा मूळ रंग वर येतो. हिरव्या पानांचंही तेच. उजेड मात्र एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी होतो, त्यामुळे संध्याकाळी ट्रायपॉड लागतोच.

बेळगावजवळच्या राजहंसगडावरून आभाळ टिपताना सूर्य खांद्याच्या बाजूला ठेवा. तो समोर किंवा पाठीशी असेल, तर आभाळापुरतं फिल्टर कितीही फिरवा, फारसा फरक पडत नाही. १८ मिमी फोकल लेंग्थला, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपताना, जरा जपून, निळ्या आभाळात मध्येच गडद पट्टा उमटतो आणि नंतर तो निस्तरणं म्हणजे डोकेदुखी. यूव्ही फिल्टर (लेन्सच्या रक्षणासाठी लावतात तो) लावलेला असेल तर आधी काढा, नाहीतर कोपरे काळे येतील.