रॅम सोल्डर केलेली, एसएसडी भरलेली: पातळ लॅपटॉप वाढवायचा कसा?

मानेवाडा_रोड:
८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, विंडोज ११. सी ड्राइव्ह लाल झालाय, ब्राउझर आणि टॅली सोबत उघडलं की मशीन अडकते. नागपूरच्या बर्डीत एक दुकानदार म्हणतो रॅम वाढतच नाही, दुसरा बोर्डावर मोठ्या चिपा बसवून देतो म्हणतो. खरं कोणाचं? आणि एसएसडी बदलली तर डेटा जसाच्या तसा येईल का?

पीसीबी_वाला:
भाऊ, उघडायच्या आधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी बघा. 'फॉर्म फॅक्टर'समोर 'एसओडिम' असेल तर रॅम काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती बोर्डावर सोल्डर आहे. काही मॉडेलांत थोडी सोल्डर आणि सोबत एक मोकळा स्लॉट असतो, म्हणून कंपनीच्या साइटवरचं सर्व्हिस मॅन्युअलही उघडून बघा. स्लॉट असेल तर रॅम डीडीआर४ पिढीची की डीडीआर५ हे आधी नक्की करा, दोघांची खाच वेगळ्या जागी असते.

चिपा बदलायच्या फंदात पडू नका. हॉट एअरने जुन्या काढून नव्या बसवणं हे अर्धंच काम. बोर्डावर कोणती मेमरी आहे हे बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला) सांगणारे बारीक रेझिस्टरही बदलावे लागतात, आणि त्या मेमरीची नोंद बायोसमध्येच नसेल तर मशीन उठतच नाही. शेजारीच प्रोसेसर असतो, उष्णतेने त्याचे सोल्डर बॉल सैल झाले की पूर्ण बोर्ड गेला. एवढ्या पातळ वस्तूत एक स्लॉट ठेवला असता तर ग्राहकाला नवीन मशीनचा खर्च पडला नसता, याचा खरंच राग येतो.

एनव्हीएमई_नागपूर:
एसएसडी मात्र बहुतेक मशीनमध्ये बदलता येते. लांबी बघून घ्या: २२४२ म्हणजे ४२ मिमी, २२८० म्हणजे ८० मिमी. एकाच बाजूला चिपा असलेली घ्या आणि जाड हीटसिंक लावू नका, झाकण बसत नाही.

डेटाचा खरा अडथळा बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, आहे. विंडोज ११ मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन अनेकदा न विचारता चालू झालेलं असतं. मायक्रोसॉफ्ट खात्यातून ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा, मग सेटिंगमध्ये एन्क्रिप्शन बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या. त्यानंतर नवी एसएसडी यूएसबी एनक्लोजरमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) घालून जुनीची क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करा. एनव्हीएमई आणि साटा हे एसएसडी जोडण्याचे दोन प्रकार; एनव्हीएमई एसएसडीला एनक्लोजर एनव्हीएमईचाच घ्या, साटाचा चालत नाही. क्लोन झाल्यावर नवी आत बसवा, आणि ती नीट चालते हे बघेपर्यंत जुनी पुसू नका.

खालचं झाकण काढताना रबरी पायांखालचे लपलेले स्क्रू विसरू नका. लांब-आखूड स्क्रू ज्या जागेचे त्याच जागी, आखूडच्या भोकात लांब घातला की वरच्या पॅनलला फोड येतो. क्लिपा प्लास्टिकच्या कार्डाने सोडवा. झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा.

मानेवाडा_रोड:
'रो ऑफ चिप्स'च दिसतंय, मॅन्युअलमध्येही स्लॉट नाही. मग एसएसडीच बदलतो. झाकण काढतोच आहे तर बॅटरीही बदलून घेऊ का? टचपॅड थोडा वर आल्यासारखा वाटतो.

पीसीबी_वाला:
टचपॅड वर येणं म्हणजे बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता. आजच वापर आणि चार्जिंग थांबवा. झाकण दाबून बसवू नका. फुगलेला सेल टोचला तर पेटतो, म्हणून स्क्रूड्रायव्हरने उचकटायचा नाही. सोडवायची सवय नसेल तर जाणकाराकडेच काढून घ्या.

नवीन घेताना पार्ट नंबर बॅटरीवरच्या लेबलवरून जुळवा, लॅपटॉपच्या नावावरून नाही. काही मशीनचं फर्मवेअर (आतला कायमचा प्रोग्राम) बॅटरीची ओळख तपासतं आणि अनोळखी बॅटरी चार्जच करत नाही. म्हणून दुकानदाराकडून चार्जिंग चालू झालेलं बघूनच पैसे द्या. बसवल्यावर बायोसमध्ये किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा लावा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो आणि पूर्ण चार्ज बॅटरी त्या उष्णतेत लवकर फुगते. जुनी कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.