भाड्याच्या ई-स्कूटरला नंबरप्लेट का नको?

पादचारी_वांद्रे:
गेल्या महिन्यात मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) आईला मागून ई-स्कूटरने धडक दिली. फुटपाथवर! मनगट मोडलं. एका गाडीवर दोघं होते, थांबलेसुद्धा नाहीत. पोलिसांनी नंबर विचारला, नंबर नव्हताच. मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किमीच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर केंद्रीय नियमांनुसार ते मोटार वाहनच नाही. म्हणजे नोंदणी नाही, लायसन्स नाही, विम्याची सक्ती नाही. उपचाराचा खर्च कोणाकडे मागायचा? पॅरिसने २०२३ मध्ये मतदान घेऊन भाड्याच्या स्कूटर बंद केल्या. आपणही कराव्यात.

कुर्लेकर:
आईंना लवकर बरं वाटो. पण बंदी पटत नाही. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर कुर्ला स्टेशनसाठी शेअर रिक्षाची रांग बघा. माझ्या बहिणीकडे लायसन्स नाही, तिला हीच गाडी परवडते. आणि पॅरिसमध्ये ८९ टक्के लोक विरोधात गेले खरे, पण मतदानाला आले जेमतेम साडेसात टक्के. स्वतःच्या स्कूटर तिथे अजूनही चालतात.

पादचारी_वांद्रे:
स्वतःच्या गाडीला माणूस जपतो. भाड्याची सोडून निघून जातो, तीही फुटपाथच्या मधोमध. व्हीलचेअरवाल्याने काय करायचं?

डिलिव्हरीवाला_भाऊ:
ताई, मी आठवड्याच्या भाड्याने गाडी घेऊन डिलिव्हरी करतो. राँग साइडने जाणारी पोरं आमच्यातही आहेत, नाकारत नाही. पण यू-टर्न लांब, ऑर्डर मिनिटांत हवी, उशीर झाला की रेटिंग पडतं. दंड नेहमी आम्हालाच. घाई लावणाऱ्या कंपनीला कधी झालाय का?

कुर्लेकर:
बरोबर. शिवाय गाडी कोणी घेतली हे अ‍ॅपमध्ये नोंदलेलं असतंच. फक्त क्यूआर कोड हँडलवर, इतका बारीक की पळत्या गाडीवरचा कोणी वाचू शकत नाही. मागे मोठा नंबर रंगवायला कितीसा खर्च येतो? पॅरिसने बंदीआधी गर्दीच्या भागांत जीपीएसवरून वेग ताशी १० किमीवर आणला होता. तेही इथे करता येईल.

पादचारी_वांद्रे:
नंबर आणि वेग मान्य. पण विम्याचं काय? तो कंपनीनेच काढायचा, चालवणाऱ्याच्या माथी मारायचा नाही, आणि पार्किंगला जागा देतानाच ही अट लेखी घालायची. एवढं होणार असेल तर बंदीची मागणी मी सोडते.

डिलिव्हरीवाला_भाऊ:
विमा कंपनीचा असेल तर नंबर लावायला मी आज तयार आहे. पण त्याचे पैसे आठवड्याच्या भाड्यात घुसवले तर?