मजकूर तयार करणाऱ्या मेथडने स्ट्रिंग परत द्यावी, की लिहिण्याची जागा बाहेरून घ्यावी?

अर्धविराम (धागालेखक)

अहवाल, पत्र, एक्सएमएल किंवा असाच कोणताही मजकूर तयार करणारी मेथड (ठरावीक काम करणारा कोडचा भाग) दोन प्रकारे लिहिता येते. पहिल्या प्रकारात मेथड सगळा मजकूर स्वतःच जुळवते आणि शेवटी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची एक सलग मालिका, परत देते. दुसऱ्या प्रकारात ती ‘रायटर’ या ॲबस्ट्रॅक्ट (नेमके कुठे लिहायचे हे न ठरवणाऱ्या) प्रकारचा ऑब्जेक्ट पॅरामीटर म्हणून घेते आणि त्यात लिहीत जाते. तो मजकूर फाइलमध्ये चालला आहे, नेटवर्कवर चालला आहे की मेमरीतल्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठतो आहे, याच्याशी तिला काहीही कर्तव्य नसते. माझा आग्रह दुसऱ्या प्रकाराचा आहे.

जावा आणि सी-शार्पमधील स्ट्रिंगरायटर, पायथॉनमधील स्ट्रिंगआयओ आणि सी++ मधील ओस्ट्रिंगस्ट्रीम हे क्लास नेमके याच सोयीसाठी आहेत. ज्याला स्ट्रिंगच हवी असेल त्याने यांपैकी एखादा बफर मेथडच्या हाती द्यावा आणि काम झाल्यावर त्यातून मजकूर काढून घ्यावा. जावातील थ्रोएबल (सगळ्या अपवादांचा मूळ प्रकार) या क्लासने हाच मार्ग धरला आहे. स्टॅकट्रेस (चूक कोणकोणत्या मेथडमधून आली याची यादी) स्ट्रिंगच्या रूपात परत देणारी मेथड त्यात नाही. प्रिंटस्टॅकट्रेस या मेथडला प्रिंटरायटर देता येतो आणि त्यामागे स्ट्रिंगरायटर ठेवला की मजकूर मेमरीत मिळतो. टेस्ट लिहितानाही हीच रचना उपयोगी पडते, कारण खऱ्या फाइलऐवजी बफर दिला तरी मेथडमधली एकही ओळ बदलावी लागत नाही.

स्ट्रिंग परत देणारी मेथड मात्र वापरणाऱ्याचा निर्णय स्वतःच घेऊन टाकते. मजकूर थेट फाइलमध्ये जायचा असला, तरी तो आधी संपूर्ण मेमरीत मावलाच पाहिजे अशी अट ती विनाकारण लादते.

मूळ संख्या

असहमत. आपण सांगितलेली लवचिकता खरी आहे, पण तिची किंमत आपल्या मांडणीत कुठेच दिसत नाही.

जावात रायटरची राइट ही मेथड आयओएक्सेप्शन (लिहिण्या-वाचण्यातली चूक कळवणारा अपवाद) जाहीर करते. स्ट्रिंगरायटर स्वतः लिहिताना ते कधीच फेकत नाही; परंतु मेथडचा पॅरामीटर रायटर या प्रकारचा असल्यामुळे कंपायलरला ते ठाऊक नसते. परिणामी, ज्याला दहा ओळींचा मजकूर मेमरीतच हवा आहे, त्यालाही कधीच न घडणाऱ्या चुकीसाठी कॅच (अपवाद हाताळणारा कोड) लिहावा लागतो, आणि तो कॅच बहुधा रिकामाच ठेवला जातो. असे रिकामे कॅच पुढे खऱ्या चुकाही गिळून बसतात, हे ज्यांनी जुना कोड सांभाळला आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

दुसरा मुद्दा बफर बंद करण्याचा. बेस क्लास एकच असला की वागणूकही एकच असणार, असे आपण गृहीत धरत आहात. जावातील स्ट्रिंगरायटरवर क्लोज चालवल्याने काहीच होत नाही आणि त्यानंतरही मजकूर काढता येतो. पायथॉनमधील स्ट्रिंगआयओवर क्लोज चालवले की बफरच टाकून दिला जातो आणि गेटव्हॅल्यू मागितल्यास व्हॅल्यूएरर येतो. मग मेथडने मिळालेला बफर बंद करावा की करू नये? फाइल असेल तर कोणीतरी बंद करायलाच हवी, आणि बफर असेल तर बंद केल्यावर हाती शून्य. हा करार मेथडच्या सिग्नेचरमध्ये (नाव आणि पॅरामीटर यांच्या घोषणेत) कुठेही लिहिलेला नसतो.

सर्वात मोठी अडचण अर्धवट मजकुराची आहे. मेथड मध्येच अपवाद फेकून बाहेर पडली तर फाइलमध्ये अर्धा अहवाल उरतो. स्ट्रिंग परत देणारी मेथड एक तर पूर्ण मजकूर देते, नाही तर काहीच देत नाही. वेब सर्व्हरवर हा फरक जिव्हाळ्याचा ठरतो: उत्तराचा पहिला भाग एकदा बाहेर पडला की २०० (यशस्वी) हा स्टेटस कोड मागे घेऊन ५०० (सर्व्हरची चूक) पाठवता येत नाही. जावाच्या सर्व्हलेटमध्ये (वेब विनंतीला उत्तर देणाऱ्या क्लासमध्ये) उत्तर कमिट झाल्यावर, म्हणजे बाहेर पडू लागल्यावर, रीसेट करू पाहिल्यास इल्लीगलस्टेटएक्सेप्शनच मिळतो.

तिसरा कंस

दोघांच्याही मुद्द्यांच्या मध्ये एक खड्डा आहे, तो दाखवतो. जावात बाइटॲरेआउटपुटस्ट्रीम (मेमरीत बाइट साठवणारा स्ट्रीम) तयार करा, त्यावर प्रिंटरायटर चढवा, दोन ओळी लिहा आणि लगेच टूबाइटॲरे मागा. हाती रिकामा ॲरे येतो. आउटपुटस्ट्रीमवरून बनवलेला प्रिंटरायटर आतमध्ये स्वतःचा एक बफर ठेवतो आणि तो भरल्याशिवाय किंवा फ्लश केल्याशिवाय (साठलेले पुढे ढकलल्याशिवाय) त्यातला मजकूर खाली उतरत नाही. तोच प्रिंटरायटर स्ट्रिंगरायटरवर चढवला तर मध्ये असा बफर नसतो आणि ओळी लगेच दिसतात. त्यामुळे स्ट्रिंगरायटर देऊन उत्तीर्ण झालेली टेस्ट आउटपुटस्ट्रीमबाबत काहीच सिद्ध करत नाही. मजकूर मोठा असला तर आणखी फसगत होते, कारण सुरुवातीचा भाग पोहोचलेला दिसतो आणि फक्त शेपूट गायब असते.

शिवाय प्रिंटरायटर आयओएक्सेप्शन स्वतःच गिळतो. चेकएरर मुद्दाम विचारले नाही तर डिस्क भरल्याचाही पत्ता लागत नाही.

अर्धविराम

तिसरा कंस यांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मात्र तो फ्लश विसरण्याचा दोष आहे, रचनेचा नव्हे. नियम साधा ठेवावा: ज्याने उघडले त्यानेच बंद करावे, आणि मेथडने आपण वर चढवलेला थर परतण्यापूर्वी फ्लश करावा, खालचा बंद करू नये. हे वाक्य मेथडच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिले की मूळ संख्या यांनी विचारलेला क्लोजचा प्रश्न उरत नाही.

अर्धवट मजकुराबद्दलचा त्यांचा युक्तिवाद वजनदार आहे, पण तो माझ्याच बाजूने झुकतो. पूर्ण किंवा काहीच नाही अशी हमी ज्याला हवी, त्याने आधी बफर द्यावा आणि सगळे सुरळीत झाल्यावर तो बाहेर ओतावा. फाइलच्या बाबतीत तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून शेवटी नाव बदलावे. हमीची गरज वापरणाऱ्याला माहीत असते, अहवाल लिहिणाऱ्या क्लासला नाही. उलट दिशेने हे जमत नाही: स्ट्रिंग परत देणाऱ्या मेथडकडून टप्प्याटप्प्याने मजकूर काढण्याचा कोणताही उपाय नाही.

आणि मेमरीचा खर्च किरकोळ नाही. जावातील स्ट्रिंगरायटरच्या पोटात स्ट्रिंगबफर असतो. त्याची जागा संपली की साधारण दुप्पट आकाराचा नवा ॲरे घेतला जातो आणि जुना त्यात उतरवला जातो, म्हणजे त्या क्षणी दोन्ही ॲरे जिवंत असतात. शेवटी टूस्ट्रिंग आणखी एक प्रत काढते. जावा ९ पासून केवळ लॅटिन-१ (इंग्रजी व पश्चिम युरोपीय अक्षरांचा संच) मधला मजकूर प्रत्येक कॅरेक्टरला एक बाइट या हिशेबाने ठेवला जातो. पण त्यात देवनागरीचे एक अक्षर जरी आले, तरी अख्खा बफर दोन बाइटांच्या रूपात फुगवला जातो. एक कोटी इंग्रजी कॅरेक्टरांच्या अहवालाच्या तळाशी मराठीत एक नाव आले की एक कोटी बाइटांचे दोन कोटी होतात.

मूळ संख्या

हिशेब बरोबर आहे, पण एक कोटी कॅरेक्टरांचे अहवाल किती कोडमध्ये तयार होतात? बहुतेक मेथड काहीशे ओळींचा मजकूर बनवतात. त्यांच्यासाठी स्ट्रिंग हे मूल्य आहे: बदलत नाही, दोनदा वापरता येते, तुलना करता येते, कोणाच्याही मालकीचा प्रश्न येत नाही. ‘उद्या कदाचित लागेल’ म्हणून प्रत्येक मेथडला रायटर जोडणे मला पटत नाही. मोठ्या मजकुराची गरज दिसेल तेव्हा रायटर घेणारी मेथड लिहावी आणि जुनी मेथड तिच्यावर दोन ओळींत बेतावी. आतला कोड तेव्हा बदलावाच लागेल, हे मान्य. पण तो बदल खासगी राहतो आणि वापरणाऱ्यांना त्याची झळ लागत नाही.

खाली सही

एन्कोडिंगचा (अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीचा) उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहितो. ‘मजकूर कुठे जातो याच्याशी मेथडला कर्तव्य नाही’ हे विधान एक्सएमएलपाशी मोडते. सी-शार्पमधील स्ट्रिंगरायटर आपले एन्कोडिंग यूटीएफ-१६ असल्याचे सांगतो, कारण मेमरीतली स्ट्रिंग तशीच असते. एक्सएमएलरायटर त्याला विचारून पहिल्या ओळीत यूटीएफ-१६ अशी घोषणा लिहितो. नंतर हीच स्ट्रिंग यूटीएफ-८ मध्ये फाइलवर उतरवली की घोषणा एक आणि बाइट दुसरेच, आणि वाचणारा पार्सर ती फाइल नाकारू शकतो. स्ट्रिंगरायटरचा सबक्लास करून एन्कोडिंग ही प्रॉपर्टी बदलणे हा त्यावरचा रूढ उपाय. म्हणजे बफरने आपण जे नाही ते असल्याचे सांगायचे. माझ्या मते बाइटच हवे असतील तर अक्षरांच्या बफरच्या वाटेला जाऊच नये, मेमरीस्ट्रीम (मेमरीतला बाइटांचा स्ट्रीम) घ्यावा आणि एन्कोडिंग तिथेच ठरवावे.

अर्धविराम

एक्सएमएलच्या बाबतीत आपले म्हणणे स्वीकारतो; तिथे पॅरामीटर रायटर नसून स्ट्रीम असावा. साध्या मजकुराबाबत माझे मत कायम आहे. मूळ संख्या यांनी सुचवलेली जोडी, म्हणजे आत रायटर घेणारी मेथड आणि तिच्यावर बेतलेली स्ट्रिंग देणारी मेथड, मला चालेल. फक्त दोन्ही पहिल्या दिवसापासून सार्वजनिक असाव्यात.

मूळ संख्या

तिथेच मतभेद उरतो. सार्वजनिक केलेली मेथड पुढे काढून टाकता येत नाही, म्हणून रायटर घेणारी मेथड कोणी मागेपर्यंत खासगीच ठेवावी.