रँच धाटणीची लाकडी भिंत: नव्या पाइनला जुनेपण कसं आणावं?

ओसरी:
बैठकीच्या खोलीला अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या रँचसारखं, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या वाडीतल्या घरासारखं रूप द्यायचं आहे. सोफ्यामागची विटांची भिंत १२ फूट रुंद, ९ फूट उंच. तिच्यावर पाइनच्या आडव्या फळ्या मारणार आहे. स्टील वूल (बारीक पोलादी तारांचा लोकरीसारखा गोळा) भिजवलेलं व्हिनेगर नमुन्यांवर लावलं तर एक फळी काळपट झाली, दुसरी पिवळीच राहिली. असं का? शिवाय बैलगाडीच्या चाकाचं झुंबर लावायचं आहे. खोली सिनेमाच्या सेटसारखी दिसू नये म्हणून काय टाळू?

रंधा:
व्हिनेगरमध्ये उतरलेलं लोह लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याला भिडलं की काळपट रंग येतो. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं, पाइनमध्ये अगदी थोडं, तेही फळीगणिक वेगळं. म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं. लिटरभर उकळत्या पाण्यात आठ-दहा चहाच्या पिशव्या टाका, गार झाल्यावर तो कोरा चहा ब्रशने सगळ्या फळ्यांना सारखा लावा आणि पूर्ण वाळू द्या. मग लोहाचं पाणी, म्हणजे तुमचं स्टील वूलचं व्हिनेगर.

स्टील वूल (०००० नंबर) आधी साबणाने धुवा, कारण गंज चढू नये म्हणून त्याला तेल लावलेलं असतं. अर्धा लिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये एक गोळा सुटा करून २४ ते ४८ तास ठेवा. झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन वायू तयार होतो. वापरण्याआधी कापडातून गाळा, नाहीतर कणांचे तांबडे डाग पडतात. रंग चढायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात घाईने दुसरा हात मारू नका. राखाडी छटा हवी असेल तर या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळा.

तारेचा ब्रश मात्र या सगळ्याच्या आधी, रेषांच्या दिशेने फिरवा. वर्षवलयांमधला मऊ भाग निघतो, कडक रेषा बोटाला लागतील इतक्या वर येतात. जुनेपणाचा खरा भास तिथेच आहे. नंतर घासलं तर आतलं पांढरं लाकूड उघडं पडतं. शेवटी पाण्यावर आधारित मॅट पॉलीयुरेथेन, म्हणजे लाकूड राखणारा पारदर्शक लेप. तेलावर आधारित वापरलं तर राखाडीवर पिवळट झाक येते.

साल-गाभा:
भिंत १०८ चौरस फूट आहे, कापाकापी धरून १२०-१२५ घ्या. रुंदी ४, ६ आणि ८ इंच अशी मिसळा. फळ्या त्याच खोलीत मध्ये काड्या घालून दोन आठवडे रचून ठेवा, नाहीतर ठोकल्यावर आकसतात आणि फटी पडतात. म्हणूनच फळ्यांच्या कडाही रंगवा आणि मागची भिंत काळी करून घ्या. फट पडली तरी पांढरी रेघ दिसत नाही. फळ्या ठोकायला भिंतीवर उभ्या लाकडी पट्ट्या दर १६ इंचांवर बसवा, रावळप्लग आणि स्क्रूने. भिंतीला ओल असेल तर आधी ती थांबवा.

ओसरी:
काही फळ्या जुन्या गोठ्याच्या मिळत आहेत. त्यात मिसळू का?

साल-गाभा:
जरूर. फक्त बारीक छिद्रांखाली ताजं पिठासारखं भुकट पडतंय का ते पाहा. पडत असेल तर कीड जिवंत आहे, ती फळी घरात आणू नका. जुना रंग असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. पॅलेटची (माल रचायच्या लाकडी फळकुटाची) फळी असेल तर शिक्का वाचा: 'एचटी' म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेली, ती चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती सोडा.

ठिणगी:
९ फुटांच्या छताला चालण्याच्या वाटेवर झुंबराचं खालचं टोक जमिनीपासून किमान ७ फूट हवं, म्हणजे तुमच्याकडे दोनच फूट उरतात. त्यामुळे लहान चाक घ्या आणि ते छताजवळच ठेवा. वजन आधी करा. अमेरिकन विद्युत संहितेत ५० पौंडांच्या (सुमारे २३ किलो) वरच्या दिव्याला साधारणपणे स्वतंत्र आधार लागतो. हा आकडा पाळण्यासारखा आहे. बल्बचा प्रकाश उबदार पिवळसर हवा, २७०० केल्विन किंवा त्याहून कमी, नाहीतर राखाडी लाकूड निर्जीव दिसतं.

सेट टाळायचा तर टॉमस मोल्सवर्थचं फर्निचर अभ्यासा. १९३१ मध्ये वायोमिंगच्या कोडी गावात त्याने शोशोनी फर्निचर कंपनी काढली. लाकडाच्या गाठी, पितळी खिळ्यांनी मढवलेलं चामडं, विणलेली लोकर: साहित्य खरं आहे, म्हणून ते खोटं वाटत नाही. चाक घेतलंत तर शिंगं आणि घोड्याचे नाल सोडा. नावाहो (अमेरिकेतले मूळ रहिवासी) विणकरांचा गालिचा घेणार असाल तर टोकं पाहा. पारंपरिक विणीत ताणा (उभा धागा) अखंड असतो, म्हणून सहसा झालर नसते. झालर दिसली की विक्रेत्याला विणकराचं नाव विचारा.